नखुरडं

राहुरीच्या बायका बोलायला कुणाला हार जाणाऱ्या नाहीत. भाजीवाल्याने एक वांगं किडकं घातलं तर भर बाजारात त्याचा उद्धार करतील. पण वृषालीच्या पार्लरमध्ये हातापायांचं वॅक्सिंग उरकलं, की त्याच बायकांचा आवाज एकदम खाली यायचा. छताकडे बघत त्या म्हणायच्या, "अगं, आणि ते... बाकीचं पण करायचं होतं." यापुढे कुणी काही सांगायचं नाही आणि वृषाली विचारायची नाही. ती उठून दाराला आतून कडी घालायची, पडदा ओढायची आणि टेबलावर धुतलेली चादर अंथरायची.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. हे 'बाकीचं' पुण्याहून आधी कृषी विद्यापीठाच्या कॉलनीत आलं, तिथून साखर कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, आणि मग लग्न ठरलेल्या मुली मैत्रिणींकडून ऐकून गुपचूप यायला लागल्या. आसपास हे काम करणारी वृषाली एकटीच. तिने नगरला रीतसर कोर्स केला होता आणि शिकवणाऱ्या बाई भारी कडक होत्या. नाजूक जागेची कातडी म्हणजे दुधावरची साय, असं त्या सांगायच्या. तिथला केस उपटला की मुळाशी एक दार उघडं राहतं, आणि घाण आत शिरायला तेवढं पुरतं. म्हणून वृषाली साखर-लिंबाचा पाक स्वतः शिजवायची. एकदा अंगाला लागलेली काडी ती परत भांड्यात बुडवायची नाही, आणि त्या कामाच्या पट्ट्या धुऊन वापरायच्या सोडून सरळ बंबात घालायची. दुसरी एक पार्लरवाली उरलेलं वॅक्स गाळून पुन्हा तापवते हे कानावर आलं, तेव्हा तिला शिसारी आली होती. "एकमेकीचं उष्टं पाणी पीत नाहीत, आणि हे बरं चालतं!" असं ती नवऱ्याला, प्रशांतला, फणकाऱ्याने म्हणाली होती.

बाईंचं सगळं ऐकलं, फक्त एक गोष्ट सोडून. हातमोजे काही ती घालायची नाही.

त्याला कारण होतं. वृषाली बौद्ध, जामखेडकडच्या एका लहानशा गावची. तिची आई भागिरथी एका बागाईतदाराच्या रानात खुरपायला जायची. दुपारी मालकीण भाकरी द्यायची ती वरून, पदरात टाकून, हाताला हात लागू नये म्हणून. मालकीण स्वभावाने वाईट नव्हती, आजारपणात औषधही द्यायची, पण तेही वरूनच. लहानपणी पाहिलेल्या त्या भाकरीची तिडीक वृषालीच्या डोक्यातून कधी गेली नाही. पार्लर काढल्यावर पहिल्यांदा तिने हातमोजे चढवले, तर टेबलावरची बाई ताडकन उठून बसली. "मला काय रोग झालाय का गं?" वृषाली शरमेने अर्धी झाली. तिने मोजे काढून कपाटात टाकले ते टाकलेच. आपण कुणाला असं लांबून शिवायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं. आणि खरं बोलायचं तर त्यात थोडा ताठाही होता. ज्यांच्या घरात तिच्या आईला ओटा चढू दिला नाही, तशाच घरांतल्या लेकीसुना आता तिच्या उघड्या हाताखाली निमूट पडून राहायच्या. हे तिला आवडायचं. का आवडू नये?

त्या वर्षी ऐन लग्नसराईत तिच्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं. नखाची कड लाल झाली आणि ठसठसायला लागली. पाक करताना लिंबू झोंबायचं. चिंधी बांधून पाहिली तर ती वॅक्सला चिकटायला लागली, म्हणून सोडून टाकली. लग्नसराईत बोटाचे लाड कोण करतं! हात साबणाने चांगले दोनदा धुतले की भागतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

त्याच सुमारास रश्मी आली. देवळालीकडच्या उसाच्या शेतकऱ्याची लेक, बी. कॉम. झालेली, नवरा मुलगा पुण्यात नोकरीला. हसरी पोर. हातपाय झाल्यावर तिनेही छताकडे बघत "बाकीचं पण" म्हटलं. काम छान झालं. जाताना म्हणाली, "ताई, तुमचा हात किती हलका आहे!"

लग्न अगदी तोंडावर आलं आणि रश्मी परत आली. केळवणं सुरू झाल्यावर नवरीला एकटीला घराबाहेर सोडत नाहीत, त्यामुळे सोबत तिची आत्या दगडाबाई होती. ही जामखेडच्या बाजूला दिलेली, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि जिभेला हाड नाही अशी ख्याती. तिने भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली, मग वृषालीकडे पाहिलं. वृषालीने पाणी पुढे केलं तर म्हणाली, "तहान न्हाई." बाहेर उन्हाचा नुसता वणवा पेटला होता. वृषालीने काय समजायचं ते समजून पेला परत नेला आणि रश्मीला पडद्याआड घेतलं.

आत गेल्यागेल्या रश्मीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ताई, फोड आलेत. बसता येत नाही. काल रात्री ताप होता."

वृषालीने पाहिलं. लाल, टपोरे, पू धरलेले फोड होते आणि जांघेत अवधाणाची गाठ आलेली. तिची नजर आपसूक स्वतःच्या बोटाकडे गेली. नखाची कड आता पिवळी झाली होती. तिने ते बोट मुठीत दडवलं.

"उष्णतेचे असतील ना, ताई?" रश्मी कुजबुजली. "तुम्हीच काहीतरी लावायला द्या. डॉक्टरकडे नको. घरी कळलं तर आत्या मला जिवंत ठेवणार नाही."

झालं, सुटकेचा रस्ता पोरीने स्वतःच दाखवला होता. उष्णता! आपल्याकडे उन्हाळ्यात काय उष्णतेवर खपत नाही? तूप लाव, सब्जा पी, म्हटलं की झालं. कुणी शंका घेतली नसती. पण ताप चढला होता आणि पू आत उतरत होता. ही मुलगी अक्षतांच्या वेळी फणफणत उभी राहिली तर? त्याहून वाईट काही झालं तर? आणि खरं काय ते सांगून टाकलं, तर पार्लर आजच बसलं. लोक आधी काय म्हणतील हेही वृषालीला ठाऊक होतं. बोट पिकलं होतं असं कुणी म्हणणार नाही. 'त्यांचाच हात तो,' असं म्हणतील. आयुष्यभर जे ऐकायचं नव्हतं तेच ऐकावं लागणार होतं, आणि या वेळी बोलायला तोंड उरणार नव्हतं.

तिने रश्मीच्या खांद्यावर चादर टाकली आणि पडदा सारून बाहेर आली.

"आत्या, रश्मीला डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. आत्ताच."

"का? काय झालं पोरीला?"

"फोड झालेत, ताप आहे. तिची काही चूक नाही. माझं बोट पिकलं होतं आणि मी तसंच तिचं काम केलं. माझ्या हातून झालंय हे."

दगडाबाईने डोळे बारीक केले. "कसलं काम?"

आता लाजून चालणार नव्हतं. "खालचे केस काढायचं."

"आगं बया!" दगडाबाईने तोंडावर पदर धरला. "त्ये बी काढत्यात?"

आतून रश्मीचा हुंदका ऐकू आला. दगडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "रडू नगं गं. चपला घाल. आदी दवाखाना, बोलायचं त्ये मागनं बोलू."

स्टँडजवळ गुगळे डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांनी रश्मीला आत घेतलं आणि या दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. दगडाबाई बोलेना. वृषालीला ते जास्त जड जायला लागलं.

"बोला ना आत्या. काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

"काय बोलू?" दगडाबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "माज्या पैल्या बाळतपनाला सुईन आल्ती. आमच्या भावकीतलीच हुती. तिच्या हाताला असंच गळू. कुनी काय म्हनलं न्हाई तिला. नंतर मला ताप भरला, शुद सुद्दा न्हवती. मी वाचले, पोरगं गेलं. समद्यांनी म्हनलं, नजर लागली. तिला ठावं हुतं गं. माज्या डोळ्याला डोळा देत न्हवती म्हातारी मरंपत्तुर. पन बोलली न्हाई." तिने पदराने नाक पुसलं. "तू बोललीस. दाव बोट."

तिने हात पुढे केला. वृषालीने झटकन बोट मागे घेतलं. "शिवू नका आत्या! पू आहे."

तोंडातून निघालं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. हा शब्द आजवर समोरून आला होता, तिच्या आईवर, आजीवर. आज तो तिने उच्चारला होता, आणि समोरच्या बाईला काही होऊ नये एवढंच त्यात होतं. तिला रडू फुटलं. दगडाबाईला हे सगळं कळलं की नाही कोण जाणे. तिने बोटाला हात न लावता मनगट धरलं. घट्ट धरून उजेडाकडे वळवलं.

"लई पिकलंय. घरी असतं तर लिंबात घातलं असतं. आता बाईलाच दाव."

गुगळे बाईंनी रश्मीला इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, गरम पाण्याने शेकायला सांगितलं. फोड दाबायचे नाहीत, सैल सुती कपडे घालायचे, हळदी-बिळदीचा लेप तिकडे लावायचा नाही. "वेळेवर आणलंत. लग्नात नीट चालेल पोरगी," असं म्हणाल्या तेव्हा कुठे वृषालीच्या जिवात जीव आला. मग तिची पाळी. बाईंनी तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, हात धुतले, मोजे चढवले आणि नखुरडं फोडलं.

"तू मोजे का घातले नव्हतेस? शिकवलं नव्हतं?"

वृषालीने भाकरीची गोष्ट सांगितली. ती गोष्ट तिने प्रशांतशिवाय कुणालाच सांगितली नव्हती. बाई पट्टी बांधता बांधता ऐकत होत्या.

"मला मागे नखुरडं झालं तेव्हा मी सगळ्या पेशंट दुसरीकडे पाठवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "नखुरडं कुणालाही होतं, वृषाली. आणि आत्ता मी मोजे घालूनच तुझं बोट धरलंय ना? लांबून शिवल्यासारखं वाटलं तुला?"

वृषालीने विचार केला. "नाही. तुम्ही आधी हाताने धरून बसवलंत."

"मग तूही तसंच कर की."

घरी गेल्यावर वृषालीने पाकाचं भांडं मोरीत ओतलं आणि चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या. बोट बरं होईपर्यंत तिने 'बाकीचं' काम बंद ठेवलं, आणि का बंद आहे ते येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं. काही जणींनी नाकं मुरडली. बऱ्याच जणींनी "बरी झालीस की सांग" म्हटलं. तिची अशी अपेक्षाच नव्हती. रश्मीचा ताप उतरला, फोड सुकले. लग्नाच्या दिवशी पट्टी बांधलेलं बोट घेऊन वृषाली शेजारी बसली आणि रश्मीचा मेकअप तिच्या मैत्रिणीकडून करवून घेतला. वृषालीला बोलवायला माणूस धाडला होता तो दगडाबाईने. घरात बाकी कुणाला काही कळलेलं नव्हतं. जिभेला हाड नसलेल्या बाईने ही एक गोष्ट कशी पोटात ठेवली, याचं वृषालीला फार नवल वाटलं.

आखाडात रश्मी माहेरी आली आणि एका दुपारी आत्याला घेऊन पार्लरमध्ये हजर झाली. वृषालीने हातपाय केले, पुण्याच्या गप्पा झाल्या. ते काम संपत आलं तशी वृषाली उगाचच पट्ट्या सारख्या करायला लागली. ती विचारणार नव्हती. विचारायचा हक्क आपण घालवला आहे, असंच तिला वाटत होतं. रश्मी पडल्या पडल्या छताकडे बघायला लागली.

"ताई... बाकीचं पण."

वृषालीने कडी घातली, पडदा ओढला, नवी चादर अंथरली. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुसले, बोटं उजेडात फिरवून पाहिली. मग रश्मीचा हात आपल्या उघड्या हातात घेऊन थोडा वेळ धरला. हल्ली ती प्रत्येकीचाच असा धरायची, आणि मोजे का घालते तेही सांगायची. एकही बाई ताडकन उठून बसली नव्हती. रश्मीने तिची बोटं दाबली. वृषालीने मोजे चढवले.

पडद्याबाहेरून दगडाबाईचा आवाज आला. "ए पोरी, मोजं घातलं का?"

"घातले, आत्या."

"मंग बोलत ऱ्हा तिच्यासंगं. हात झाकला म्हनून मानूस झाकू नगं."

रश्मी इतकी हसली की टेबल हललं. वृषालीलाही हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. हात आता कशालाच लावायचा नव्हता, म्हणून तिने डोळे खांद्याला पुसले आणि पहिली काडी भांड्यात बुडवली.