बर्थाच्या फळीवरची फ्रेम

मित्रांनो, ब्रुकलिनमधल्या जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडलेली मी एक फोटोफ्रेम. पण अक्रोडाच्या लाकडाची आहे बरं का, पुठ्ठ्याची नाही! गोदीत जहाजं दुरुस्त करणाऱ्या हाल्वर्सन सुताराने मला उरलेल्या फळीतून घडवलं आणि बायकोला, बर्थाला म्हणाला, "घे. आता पोरीचा फोटो काढून घे." तेवढ्यात एक फिरता फोटोवाला दारावर आला. बर्था खुर्चीत बसली, शेजारी पांढऱ्या झग्यातली सोळा वर्षांची आस्ट्रिड उभी राहिली. घरातला तो एकुलता एक फोटो माझ्यात आला. पुढे सुतार वारला, आस्ट्रिड टायपिस्ट झाली. बर्था मला भिंतीवरच्या फळीवर ठेवून रोज पुसायची. शेजारच्या रूनीबाई म्हणायच्या, "काय गोड दिसते गं पोर!"

ह्या दोघी शेजारणींना एकच व्यसन. सकाळच्या कॉफीबरोबर 'सिटी फ्लॅश' नावाचं चित्रांचं वर्तमानपत्र. कुणाचा खून, कुणा लखपतीची भानगड!

"बघ मेला कसा रंगेहाथ सापडलाय!" रूनीबाई म्हणायच्या.

"खरं असेल का गं?"

"अगं, फोटो आहे ना समोर! फोटो कधी खोटं बोलतो का?"

मग दोघी चुकचुकत पान उलटायच्या.

एका धुकट सकाळी कामावर जाताना फेरीबोटीवर आस्ट्रिडचा पाय घसरला आणि ती बुडाली. दुपारी एक माणूस टोपी छातीशी धरून आला. "मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी कचेरीतून आलोय, बाई." रडता रडताही बर्था त्याच्यासाठी कॉफी करायला उठली. तेवढ्यात त्याने माझे मागचे खिळे उपसले, फोटो कोटात घातला आणि पसार झाला. मला ओरडता आलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी रूनीबाई पेपर पाठीमागे लपवून आल्या. "नको बघूस गं." बर्थाने तो ओढून घेतला. पानभर आस्ट्रिड! एका लठ्ठ लखपतीच्या मांडीवर, हातात प्याला. वर मथळा, 'प्रेमभंगाने उडी!' चेहरा माझ्यातला होता, बाकी सगळं दुसऱ्याच कुणाचं. त्या पेपरची रीतच तशी होती. एखाद्या नटीला हवं तसं बसवून फोटो काढायचा आणि तिच्या मानेवर पाहिजे ते डोकं चिकटवायचं.

"ही माझी आस्ट्रिड नाही," बर्था म्हणाली. रूनीबाईंना रडू आवरेना.

बर्थाला खुलासा नको होता, माफीही नको होती. तिला फोटो परत हवा होता. मला शालीत गुंडाळून ती पेपरच्या कचेरीत गेली.

"बाई, तुमची मुलगी आज घराघरांत पोचली!" संपादक म्हणाला.

"मला ती माझ्या घरात हवी आहे."

त्याने खणातून फोटो काढून दिला. खुर्चीत बर्था होती, शेजारी पांढरा झगा होता, आणि झग्याच्या वर भोक.

"चेहरा?"

"छपाईसाठी कापून त्याच्यावर रंगाचा हात फिरवला होता. काम झालं, टाकून दिला." तो जरा ओशाळला, एवढंच.

घरी येऊन बर्थाने तोच पेपर पुढ्यात घेतला. नखं कापायच्या कात्रीने लखपती वगळला, प्याला वगळला, चेहरा तेवढा कापून घेतला आणि खळ लावून भोकावर बसवला. छापील ठिपक्यांचा तो चेहरा झग्याच्या मानाने मोठाच होता.

"मान नीट बसली नाही गं," रूनीबाई हुंदका देत म्हणाल्या.

"राहू दे. खालचा झगा तरी तिचा आहे."

त्या दिवसापासून त्या घरात तो पेपर आला नाही. बर्था असेपर्यंत मी त्या फळीवर होते. मग घर रिकामं झालं आणि मी इथे आले. कालच एक जोडपं मला उचलून म्हणालं, "फ्रेम झकास आहे! आतला फोटो मात्र खोटाच दिसतोय, कापून चिकटवलेला. फेकून देऊ." पण किंमत ऐकून त्यांनी मला परत ठेवलं.

मित्रांनो, कुणाचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि चित्र बघून कुणाच्या लेकीबद्दल बोलू नका. मला घरी न्यायचं असेल तर खुशाल न्या, रोज नाही पुसलंत तरी चालेल. पण मागचे खिळे उपसू नका. आईच्या शेजारून त्या पोरीला एकदा ओढून नेलंय. पुन्हा नको.