डाव्या पायाची जागा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, एवढं म्हणून मला गोष्ट सुरू करता आली असती तर किती बरं झालं असतं. पण ते वाक्य पुरतं खरं नाही. माझा पत्रा जुना आहे, दारं जुनी आहेत, समोरचे दोन गोल दिवेही जुनेच आहेत. बॉनेट उघडलंत तर मात्र आत एक कोवळं, गुळगुळीत इंजिन दिसेल, आणि त्याच्या पाठीला लागून एक गिअरबॉक्स, जो कुणी न सांगता आपला आपणच गिअर बदलतो. ते दोघेही माझे नाहीत. लोक रस्त्यात थांबून म्हणतात, "काय गाडी ठेवलीय हो! या वयात काय पळतेय!" तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दुसऱ्याच्या दमावर मिळवलेली शाबासकी ती.

जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. एका लांबलचक शेडमध्ये, हातोड्यांच्या आवाजात मी उभी राहिले. माझं इंजिन साखळीवरून खाली उतरलं आणि छातीत अलगद बसलं, तो क्षण मला अजून आठवतो. दुधाच्या सायीचा रंग मिळाला. तेव्हा मी नाकाने कांदे सोलत होते, हे कबूल करायला हरकत नाही. माझ्यासारख्या शंभर गाड्या शेजारी उभ्या होत्या, पण मला वाटायचं, आपल्यासारख्या आपणच.

मला घेतलं ते गुरांच्या डॉक्टरांनी. माझा तोरा पहिल्याच आठवड्यात उतरला, कारण मागच्या सीटवर आजारी वासरू आलं आणि त्याने जे करायचं ते केलं. डॉक्टरांनी बादलीभर पाण्याने सीट धुतली आणि मला थोपटलं. पुढे शेळ्या आल्या, कुत्री आली, एकदा तर पिसं झडलेला मोर आला. माझ्या डिकीत दोरखंड, बादली आणि औषधांची पेटी कायमची राहायला आली. लांबच्या गोठ्यांत माझा आवाज पोचायचा आणि माणसं म्हणायची, "आले डॉक्टर." माझ्या इंजिनाला थोडी खरखर होती. तीच आमची ओळख.

डॉक्टरांची एक सवय सांगते, कारण या गोष्टीत तिला महत्त्व आहे. कुठल्याही जनावराला सुई देण्याआधी ते त्याच्या मानेवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "टोचतोय हं." मगच टोचायचे. नवे शेतकरी हसायचे. "त्याला काय कळतंय डॉक्टर?" डॉक्टर म्हणायचे, "त्याला नसेल कळत, पण माझा हात तरी हळू होतो." माझं बॉनेट उघडतानाही ते आधी पत्र्यावर हात ठेवून म्हणायचे, "उघडतोय हं." कधीकधी तर गळ्यातली नळी माझ्या इंजिनाला लावून ऐकत बसायचे. गॅरेजवाले टिंगल करायचे. मला मात्र फार बरं वाटायचं.

डॉक्टरांच्या पत्नी शाळेत शिकवायच्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची. बाईंना गाडी चालवता येत नव्हती, पण ती थांबवायची जबाबदारी आपलीच, असा त्यांचा ठाम समज होता. समोर गाय आली, सायकल आली, वळण आलं, की शेजारच्या सीटवर बसलेल्या बाई उजवा पाय खाली दाबायच्या. तिथे ब्रेक नव्हता, नुसती रबराची चटई होती. वर्षानुवर्षं दाबून दाबून त्या चटईत टाचेएवढा खळगा पडला. डॉक्टर तिकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

मग माझं वय दिसायला लागलं. चढावर मला धाप लागायची, रेडिएटर उकळायचा. तेल गळायचं, म्हणून बाई माझ्याखाली जुनी पत्र्याची परात ठेवायच्या. एकदा तर ज्यांची म्हैस तपासायला निघालो होतो, त्यांनीच ट्रॅक्टर आणून मला दोरीने ओढत गोठ्यापर्यंत नेलं. औषध द्यायला निघालेल्यालाच दुसऱ्याने उचलून न्यावं, अशी गत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पोरं हसत होती. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, असं मला झालं. डॉक्टर उतरताना फक्त म्हणाले, "दमलीस ना?"

शिवाय माझा क्लच भारी जड होता. पुरता दाबल्याशिवाय गिअर पडायचा नाही. डॉक्टरांचा डावा गुडघा गेला, त्यात माझा वाटा किती, हा हिशेब मी कधी नीट केलेला नाही. करायची हिंमत होत नाही. काम थांबलं, काठी आली, आणि माझ्यावर ताडपत्री पडली. डॉक्टर रोज सकाळी ताडपत्रीचा कोपरा उचलून बघायचे. "गुडघा बरा झाला की जाऊ," म्हणायचे. त्यांना पुन्हा एकदा मला घेऊन स्वतः त्या गोठ्यांच्या रस्त्याने जायचं होतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं.

म्हणूनच त्यांच्या लेकीने तो बेत केला. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करायची, वडिलांवर तिचा भारी जीव. तिने बाबांना सांगितलं, "गाडीला रंग देऊन आणते," आणि मला एका मोठ्या गॅरेजात नेलं. तिथल्या मिस्त्रीला लोक 'झटपट' म्हणायचे. हात चांगला होता, पण तोंड त्याहून जोरात चालायचं.

"ताई, असं इंजिन बसवतो की बाबा ओळखणार नाहीत," तो म्हणाला.

"क्लच नको. त्यांचा गुडघा दुखतो."

"ऑटोमॅटिकच टाकतो. क्लचचं नावच नको. पण त्यांना एकदा विचारलंत का?"

"सरप्राइज आहे," लेक म्हणाली.

माझ्या मानेवर कुणी हात ठेवला नाही. "उघडतोय हं," असं कुणी म्हणालं नाही. साखळी आली, आणि माझं इंजिन उचललं गेलं. गेली इतकी वर्षं माझ्या छातीत खरखरणारं ते इंजिन हवेत लोंबकळत होतं, त्यातून तेलाचे थेंब पडत होते. त्याला कोपऱ्यात एका फाटक्या टायरवर ठेवलं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. मग एका अपघातातल्या गाडीचं तरुण इंजिन आलं. ते बसेना, म्हणून माझ्या आतल्या जुन्या पट्ट्या कापून नव्या जोडल्या. गिअरबॉक्स मोठा, म्हणून दोन्ही सीटांमधला पत्रा ठोकून ठोकून फुगवला. तीनपैकी क्लचचं पेडल काढून झटपटने एका डब्यात टाकलं, आणि ब्रेकचं पेडल रुंद केलं, चांगलं तळहाताएवढं. नवं इंजिन सुरू झालं तेव्हा मला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. मी आहे की नाही, असंच मला वाटलं.

रंग मात्र तोच दिला होता, सायीचा. मी घरासमोर उभी राहिले आणि डॉक्टर काठी न घेता पायऱ्या उतरले. माझ्यावरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी दार उघडलं, खाली पाहिलं आणि विचारलं, "क्लच कुठंय?"

लेकीने हसत हसत सगळं सांगितलं. मला पोचवायला आलेल्या झटपटने त्यात मीठमसाला घातला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. लेकीचा चेहरा इतका फुलला होता, की त्यांनी "छान," म्हटलं आणि ते आत बसले. शेजारी बाई, मागे लेक. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत शेजारी उभे होते, टाळ्यासुद्धा वाजल्या.

डॉक्टरांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण त्यांना ऐकूच आलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवली, आणि माझ्या आतून असा कर्कश आवाज निघाला की गॅलरीतली एक शेजारीण कानावर हात ठेवून आत गेली. डॉक्टर ओशाळले. मग आम्ही निघालो. गल्लीच्या मध्यावर मी वेग घेतला आणि त्यांचा डावा पाय, जो इतकी वर्षं हेच करत आला होता, क्लच दाबायला उठला. क्लच जागेवर नव्हता. त्याच्या जागी ते रुंद ब्रेकचं पेडल होतं, आणि पाय त्यावर पूर्ण ताकदीने पडला.

मी जागच्या जागी गचकले. बाईंचा चष्मा समोर आपटून फुटला. मागून येणारा सायकलवाला माझ्या नव्या रंगावर येऊन आदळला. "आजोबा, झेपत नाही तर कशाला काढता?" तो म्हणाला. डॉक्टरांनी माफी मागितली आणि पुन्हा गाडी चालवली. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी गॅलरीतून कुणीतरी हसलं. गाईम्हशींची अवघड बाळंतपणं सोडवणारा तो माणूस स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिला. मग त्यांनी चावी काढून लेकीच्या हातात दिली.

"मी आता गाडी चालवायच्या लायकीचा राहिलो नाही," ते म्हणाले, आणि लंगडत घराकडे चालत गेले.

मित्रांनो, ट्रॅक्टरने ओढलं तेव्हाची लाज यापुढे काहीच नव्हती. तेव्हा मी हरले होते, आणि ते माझ्या बाजूने उभे होते. आता मी ठणठणीत होते आणि माझ्यामुळे त्यांची मान चारचौघांत खाली गेली होती. त्यानंतर ते माझ्या शेजारून जाताना तोंड फिरवून जायचे. कुणी फिरायला बोलावलं तर गुडघ्याचं निमित्त सांगायचे. ताडपत्री उचलायला सकाळी कुणी आलं नाही. लेकीने सुट्टी वाढवली, पण बापलेकीत बोलणं जेवणापुरतंच उरलं.

एका दुपारी बाई माझ्यात येऊन बसल्या, त्यांच्या नेहमीच्या जागी. शेंगा सोलत होत्या. लेक शोधत आली आणि दाराशी उभी राहिली.

"आई, मी सगळा घोळ केला. त्यांचा गुडघा पाहिला, पायाला काय सवय आहे ते पाहिलंच नाही."

बाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या. त्यांनी पाय उचलला आणि चटईतला खळगा लेकीला दाखवला.

"हा बघ माझा ब्रेक. इतकी वर्षं दाबतेय. याला काय जोडलंय?"

"काही नाही," लेक म्हणाली.

"पण पायाला जागा आहे. म्हणून मी निवांत बसते. त्यांनाही एक असाच द्या की. नसलेला क्लच."

झटपटला हे सांगितल्यावर तो पोट धरून हसला. "ताई, लोक माझ्या तोंडात शेण घालतील. काही न करणारं पेडल?" पण लेक हटली नाही. त्याने डब्यातून माझं जुनं पेडल शोधून काढलं, झिजून चकचकीत झालेलं. मात्र ते लावण्याआधी लेक घरात गेली आणि बाबांना हाताला धरून माझ्यापर्यंत घेऊन आली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, गेल्या वेळी मी न सांगता टोचलं. आता सांगते. तुमच्या डाव्या पायासाठी जुनं पेडल लावायचंय. त्याला खाली काहीच जोडलेलं नसेल, नुसती एक हलकी स्प्रिंग. ब्रेक अरुंद करून उजवीकडे सरकवायचा. नको म्हणालात तर नाही लावणार."

माझा जीव टांगणीला लागला. डॉक्टर चिडले असते तरी मला नवल वाटलं नसतं. खेळण्यातलं पेडल कुणाला आवडेल? त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग चटईतल्या खळग्याकडे.

"मला वाटायचं, तिथे ब्रेक नाही हे तुला माहीतच नाही," ते बाईंना म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे," बाई म्हणाल्या.

डॉक्टर हसायला लागले. किती दिवसांनी हसले असतील कोण जाणे. मग लेकीला म्हणाले, "लाव. पण स्प्रिंग जरा जड बसव, मला कळलं पाहिजे."

आता आम्ही गोठ्यांच्या रस्त्याने जातो. वेग वाढला की डॉक्टरांचा डावा पाय जुनं पेडल दाबतो आणि काहीच होत नाही. समोर गाय आली की बाई त्यांचा ब्रेक दाबतात आणि काहीच होत नाही. गिअर नवा गिअरबॉक्स बदलतो, ब्रेक डॉक्टरांचा उजवा पाय लावतो, आणि आम्ही तिघंही वेळेवर पोचतो. माझं जुनं इंजिन लेकीने गॅरेजातून परत आणलं. ते आता अंगणात बाकाशेजारी आहे, स्वच्छ पुसलेलं. डॉक्टर कधीकधी त्याला नळी लावून बसतात. आत काही वाजत नाही, पण ते ऐकतात.

माझी लाज अजून गेलेली नाही. बॉनेट उघडलं की मी अजूनही अंग चोरते. नव्या इंजिनाचाही त्यात दोष नाही, बिचारं आपलं काम मुकाट्याने करतं. पण मित्रांनो, तुमच्या घरातही काही जुनं असेल, एखादी वस्तू असेल किंवा माणूस असेल, आणि तुम्हाला ते प्रेमाने नीट करावंसं वाटेल. जरूर करा. फक्त हत्यार हातात घेण्याआधी त्याच्या मानेवर हात ठेवा, आणि सांगा, "टोचतोय हं."