दाढ दुखते, काय करू

डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दातांचे डॉक्टर म्हणून हात हलका, स्वभाव सरळ, पण पेशंट तुरळक. बायको बाहेरच्या टेबलावर बसून नंबर लावायची आणि नंबर लावायला कुणी नसलं की धाकट्या भावाशी फोनवर बोलत बसायची. हा भाऊ, म्हणजे डॉक्टरांचा मेव्हणा, लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणून द्यायचं काम करायचा. शेवटी तिने त्याला बोलावूनच घेतलं.

मेव्हण्याने दवाखान्याची वेबसाइट उघडायला घेतली. ती उघडेपर्यंत त्याचा चहा पिऊन झाला.

"भाऊजी, आधी हा तुमचा फोटो काढा. इतका जड आहे की पान उघडायच्या आत माणूस दुसरीकडे पळतो."

टाय लावलेला तो एकच फोटो होता. डॉक्टरांना ते लागलं.

"आणि हे 'अत्याधुनिक व सर्वंकष दंतचिकित्सा' काय आहे? असं कोण शोधतं?"

"मग काय शोधतात?"

"दाढ ठणकायला लागली की माणूस एका हाताने गाल धरतो आणि दुसऱ्या हाताने टाइप करतो, 'दाढ दुखते काय करू'. तेच शीर्षक द्या, आणि खाली खरंखुरं उत्तर. पाल्हाळ नको."

डॉक्टर लिहायला बसले ते उठेचनात. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, गार खाल्लं की कळ का येते, हिरडीतून रक्त आलं तर घाबरायचं का, सगळं त्यांनी मन लावून लिहिलं. मेव्हणा शीर्षकं बसवायचा, एका लेखातून दुसऱ्यात जायच्या वाटा जोडायचा. खटका उडाला तो फक्त शेवटच्या वाक्यावरून. मेव्हण्याला हवं होतं, 'आजच आमच्याकडे या.' डॉक्टरांना ते लाचारीचं वाटलं. त्यांनी ते खोडून लिहिलं, 'दुखणं थांबलं नाही तर जवळच्या दंतवैद्याला दाखवा.'

"जवळचे म्हणजे तुम्हीच ना?" बायकोने विचारलं.

"अर्थात. वाचणाऱ्याला तेवढं कळतं."

वेबसाइट हळूहळू वर सरकली आणि एके दिवशी थेट पहिल्या नंबरवर जाऊन बसली. मेव्हण्याने केक आणला. खाऊन झाल्यावर डॉक्टरांनी सगळ्यांना चुळा भरायला लावल्या. बायकोने बाहेर जास्तीच्या खुर्च्या मांडल्या.

खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. वाजायला लागला तो फोन.

"डॉक्टर, गुळण्या केल्या, एकदम आराम पडला बघा!"

"छान. पण एकदा दाखवून जा, आत कीड असेल."

"आता कशाला? थांबलं की!"

काही दिवसांनी समोरची डॉक्टरीण जिने चढून आली. रस्त्यापलीकडे तळमजल्यावर तिने नुकताच दातांचाच दवाखाना थाटला होता.

"सर, तुमचे आभार मानायला आले. माझे निम्मे पेशंट तुमचा लेख फोनवर उघडूनच आत येतात. म्हणतात, जवळच्या दंतवैद्याला दाखवा असं लिहिलंय."

"अहो, पण मी काय लांब आहे का?"

"तसं नाही सर," ती संकोचून म्हणाली, "पण दाढ दुखत असताना जिने कोण चढणार?"

ती गेल्यावर बायकोने कपाळाला हात लावला आणि भावाला फोन केला. "बाळ्या, आत्ताच्या आत्ता ये आणि ते वाक्य बदल. पत्ता घाल, मजला घाल, हवं तर उचलून आणायला खाली खुर्ची पाठवतो म्हणावं!"

मेव्हणा आला तेव्हा डॉक्टर फोनवर होते. कुठल्या तरी दूरच्या गावातल्या आजीबाई होत्या. कवळी हसताना सटकते, आणि नातसुनेसमोर हसायचीच चोरी झाली आहे, असं त्या सांगत होत्या. डॉक्टर मधूनमधून "अगं बाई!" करत होते. त्यांनी हाताने खूण करून मेव्हण्याला थांबवलं. मेव्हणा थांबला. मग पुढचा फोन आला.

बायको बघतच राहिली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. आणि खरंच, बोलणार तरी कुणाशी? आजवर त्यांच्यासमोर जो बसला तो तोंडात कापूस घेऊन. यांनी विचारायचं, "मुलं काय करतात?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "आँ."

"राहू दे ते वाक्य," फोन खाली ठेवून डॉक्टर म्हणाले.

"अहो, पेशंट समोर जाताहेत!"

"जाऊ देत. हात चांगला आहे तिचा."

बायकोने भावाकडे पाहिलं. भावाने लॅपटॉप मिटला. पहिला नंबर हलवायचं त्याच्याही जिवावर आलं होतं.

तेवढ्यात दारातून एक गृहस्थ धापा टाकत आत आले. गाल टम्म सुजलेला. "डॉक्टर आहेत ना? जरा बघता का?"

"बसा, बसा," डॉक्टर म्हणाले, आणि वाजणारा फोन उचलला. "एवढा एक घेतो, मग बघतोच तुम्हाला."