कॉलरवरची पकड

निळ्या जॅकेटवालीने पांढरीच्या मांड्यांमधून पाय घालून तिला उचललं, पांढरी हवेतच कमरेतून वळली, आणि दोघी एकदमच मॅटवर आदळल्या. दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक पूर्ण गुण मागत खुर्चीतून उठले. पंचबाईंचा हात मात्र मांडीशीच राहिला.

निवड चाचणीचा हा शेवटचा सामना, आणि तो जादा वेळेत गेलेला. आता जिला गुण मिळेल ती संघात जाणार, दुसरी घरी. डाव निळीचा होता, प्रतिडाव पांढरीचा. दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या, पण पाडलं कोणी, एवढाच प्रश्न होता. ज्युदोतली निम्मी भांडणं याच प्रश्नावरून होतात.

निळी तराजूकाकांची नात होती.

तराजूकाका म्हणजे एके काळचे मोठे पंच. निकालात केसभरही इकडचं तिकडे होत नाही म्हणून लोकांनी त्यांना ते नाव दिलेलं. आता ते पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. बावीस वर्षांपूर्वी अशाच एका शेवटच्या सामन्यात पंचबाईंनी हाच डाव टाकला होता, समोरच्या मुलीने असाच प्रतिडाव केला होता, आणि तराजूकाकांनी पापणीही न हलवता त्या मुलीच्या बाजूने हात वर केला होता. तराजू म्हणे. तेव्हा पडद्यावर परत बघायची सोय नव्हती, पंचांचा हात वर गेला की विषय संपला. बाई नमस्कारासाठी न झुकता मॅटवरून उतरल्या आणि पुन्हा कधी खेळल्या नाहीत.

खेळावरच्या प्रेमापोटी पंच झाले, असं त्या भाषणात सांगत. खरं काय ते त्यांच्या नवऱ्याला माहीत होतं. माझ्यापेक्षा तुला त्या म्हाताऱ्याची आठवण जास्त येते, असं तो चेष्टेत म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एकदा तरी त्या माणसाचं कोणीतरी आपल्या हाताखाली यावं आणि त्याने ते उघड्या डोळ्यांनी बघावं, एवढ्यासाठी बाईंनी परीक्षा दिल्या होत्या, दुखरे गुडघे घेऊन शनिवार-रविवार शाळांच्या स्पर्धांत उभ्या राहिल्या होत्या. सूड त्यांना हवाच होता. त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही.

इअरपीस खरखरला. टेबलावरच्या दोन पंचांनी पडद्यावर तीनदा बघितलं होतं. एक म्हणत होता निळी, दुसरा म्हणत होता पांढरी, आणि कॅमेऱ्याकडे नेमकी दोघींची पाठ होती.

"मॅडम, तुम्ही दोन हातांवर होतात. तुम्हीच सांगा, पडताना ताबा कोणाचा होता?"

इतकं आयतं हातात येईल असं बाईंना वाटलं नव्हतं. त्यांना सगळं दिसलं होतं. त्या बरोबर निळीच्या उजव्या हाताच्या बाजूला उभ्या होत्या. पाय उचलला तेव्हा निळीची बोटं पांढरीच्या कॉलरवर घट्ट होती. पांढरी वळली आणि ती बोटं उघडली. जमीन अजून हातभर लांब असतानाच पकड सुटली होती, आणि त्यानंतर निळी पाडत नव्हती, पडत होती. गुण पांढरीचा, यात शंकाच नव्हती. नियमात बसणारा सूड रोज मिळत नाही, आणि बाईंना गालातल्या गालात हसू फुटायला लागलं.

तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताची बोटं उघडली. जाड कापड मुठीतून निसटतं तेव्हा नखांच्या मुळाशी जी आग होते ती त्यांना आत्ता, इतक्या वर्षांनी, जशीच्या तशी जाणवली. त्या सामन्यात त्यांचीही कॉलर सुटली होती. पाठ टेकायच्या आधी. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

म्हणजे आज पांढरीला गुण द्यायचा तर म्हाताऱ्याचा तेव्हाचा निकाल बरोबर होता. आणि तो निकाल चुकीचा म्हणायचा तर आज गुण त्याच्याच नातीला द्यायला हवा. बाई मॅटच्या मधोमध दातओठ खात उभ्या राहिल्या.

"पांढरी," असं टेबलाला सांगून त्यांनी हात सरळ वर केला.

निळी उठली आणि न झुकताच मॅटवरून पळत सुटली. नियमाप्रमाणे बाईंनी तिला परत बोलवायला हवं होतं, पण त्यांनी बोलावलं नाही. त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. काठी काखेत धरून तराजूकाका सावकाश टाळ्या वाजवत होते.

पंचांच्या खोलीत बाई बूट चढवत असताना तराजूकाका आले. नात तोंड धुतेय, आत्ता येईल, म्हणाले. पंचांना नमस्कार न करता उतरणं आमच्या घरात चालत नाही. समोरच्या बाकावर ते हाश्शहुश्श करत टेकले. बाईंना त्यांनी ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कसे? तेव्हा लांब वेणी होती, आणि आता आडनावही सासरचं. निकाल बरोबर दिलात, म्हणाले, आणि मग थोडा वेळ काठीची मूठ चोळत बसले.

"माझ्याकडेही असाच एक सामना आला होता. बावीस वर्षं झाली. डाव टाकणाऱ्या मुलीची पाठ टेकली ते दिसलं मला, पण ताबा कोणाचा ते नाही दिसलं. मी भलत्याच बाजूला उभा होतो. अंदाजाने हात वर केला."

बाईंच्या हातातली बुटाची नाडी हातातच राहिली.

"तीही अशीच न झुकता गेली. खेळच सोडला म्हणे तिने. कोणी तराजू म्हणून हाक मारली की मेल्याहून मेल्यासारखं होतं मला. आज तुमचा हात वर गेला तेव्हा वाटलं, बहुतेक माझंही बरोबरच असेल."

म्हणजे बाई ज्यासाठी झुरत होत्या ते या माणसाच्या घरी इतकी वर्षं रोज घडत होतं, आणि आज त्यांनीच आपल्या हाताने ते थांबवलं होतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ती मुलगी मी."

 तराजूकाकांची नजर बाईंच्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली.

"मग तुम्हीच सांगा," ते अगदी हळू म्हणाले. "पडताना कॉलर तुमच्या हातात होती का?"

खरं काय ते जगात एकाच माणसाला माहीत होतं.

"होती," बाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत."

तराजूकाकांनी मान हलवली. वाटलंच होतं, असं काहीतरी पुटपुटत ते काठी शोधू लागले. काठी त्यांच्या गुडघ्यालाच टेकलेली होती.

दार ढकलून नात आत आली. डोळे सुजलेले, पण जॅकेट नीट ओढून पट्टा पुन्हा बांधलेला. बाईंसमोर उभी राहून ती दोन्ही हात मांड्यांवर ठेवून कमरेतून पूर्ण झुकली आणि सरळ झाली.

"तुमचं बरोबर होतं, मॅडम. माझी पकड आधीच सुटली होती."

खेळाडू झुकला की पंचानेही झुकायचं असतं. बाई उठल्या. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, अशा त्या झुकल्या. मुलगी आजोबांना हात देऊन दारापर्यंत पोचली तरी त्या अजून खालीच होत्या.