सर्जेरावची मिशी

जोत्याजीरावांनी वस्तरा पट्ट्यावर घासला आणि लेकाची हनुवटी धरून त्याचं तोंड उन्हाकडं वळवलं.

"अवं, बाप जिवंत असताना लेकाची मिशी काढत न्हाईत," सगुणाबाई दारातून म्हणाल्या. "तुमच्या जिवावर बेतंल."

"माझ्या जिवाचं मी बघतो. तू आरसा धर."

त्यांनी आरसा धरला नाही. सर्जेरावनं स्वतःच धरला. बापापेक्षा त्यालाच सिनेमाचा सोस जास्त.

नाटकाचे पडदे रंगवता रंगवता जोत्याजीरावांनी कोल्हापुरात सिनेमाची कंपनी काढली होती. पहिल्याच चित्रपटाला एक राणी हवी होती आणि राणीची विधवा आई. कॅमेऱ्यापुढं उभं राहायला एक बाई तयार होईल तर शपथ. तमाशाच्या तंबूत नाचणाऱ्यांनीही कानाला हात लावले. कंपनीतले गडी सगळे तालमीतले. हाडं मोडून घ्यायला एका पायावर तयार, पण मिशीचं नाव काढलं की ज्याचा त्याचा बाप आडवा यायचा. शेवटी राणी घरातूनच काढावी लागली. आईचं काम मात्र तसंच राहिलं.

लेकाची मिशी उतरली त्या दिवसापासून सगुणाबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नवरा नुसता खोकला तरी हातातली भाकरी टाकून त्या बाहेर यायच्या. जोत्याजीराव चेष्टा करायचे, अजून आहे म्हणायचे.

बाजाराच्या दिवशी सर्जेराव फेटा बांधून गुळाच्या पेठेत गेला. गावाकडचा केरबा गुळाची गाडी घेऊन आला होता, त्यानं त्याला लांबून पाहिलं. फेट्याखालचे केस काही दिसले नाहीत, दिसला तो भुंडा ओठ. केरबा काही खुळा नव्हता. त्याच्या जागी कुणीही तेच समजला असता, आणि दुखवट्यातल्या पोराला भर पेठेत गाठून विचारायचं तरी काय? त्यानं बैल जुंपले आणि थेट गाव गाठलं. गावात जोत्याजीरावांचे म्हातारे वडील होते, आबा. त्यांना सांगणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी केरबा कंपनीच्या फाटकात आला तेव्हा जोत्याजीराव कॅमेऱ्याचा दांडा फिरवत होते. त्यांना पाहिलं आणि तो मटकन खालीच बसला. काय झालं ते कळल्यावर जोत्याजीराव पोट धरून हसले. मिशीला पीळ देऊन म्हणाले, बघ बाबा, भूत असलं तर सांग.

केरबा हसला नाही.

"जा, आबांना सांग, लेक धडधाकट आहे म्हणावं."

"आता कुणाला सांगू, दादा?" केरबानं मुंडासं काढून मांडीवर घेतलं. "मी काल सांगितलं, तेव्हाच त्यांनी मान टाकली. मी नातवाला न्यायला आलोय. अग्नी द्यायला."

जोत्याजीरावांचा मिशीवरचा हात खाली आला.

दहाव्याला गावच्या नदीकाठी न्हाव्यानं जोत्याजीरावांचं डोकं भादरलं, मिशी उतरवली. सगुणाबाई रडल्या. पण आतून त्यांना हलकं वाटत होतं. काळ आला होता, तो दुसऱ्याच दारात गेला. असं वाटतंय याची त्यांना लाजही वाटत होती. आता हे सिनेमाचं खूळ आपोआप सुटेल, असं त्यांनी मनाशी धरलं.

तेरावा उरकून ती सगळी कोल्हापूरला परतली. जोत्याजीरावांची म्हातारी आई गावात एकटी कुठं राहणार, म्हणून तिलाही बरोबर आणलं. ती भिंतीला टेकून बसली होती. कुणी बोललं तरी मान वर करत नव्हती.

जोत्याजीराव अंगणात आरसा घेऊन बसले. उन्हात तोंड इकडं तिकडं वळवून बघितलं, ओठावरून अंगठा फिरवला. आबांची सय येत असणार, या विचारानं सगुणाबाई जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"आईचं पांढरं लुगडं वाळत घातलंय नव्हं," त्यांनी आरशातूनच विचारलं, "ते आण जरा."

"कशाला?"

"पदर डोईवरनं घेतला की झालं. राणीच्या आईचं काम राहिलंय."

सगुणाबाईंनी लेकाकडं पाहिलं. सर्जेराव उठला होता, पण दोरीकडं गेला नाही. तो ओसरीवरच्या कॅमेऱ्यावरचं फडकं काढत होता.