चोपण

पाणी कुंडीत वरच उभं होतं. तळघरातल्या स्टुलावर बसून मनोहरराव दहा मिनिटं त्याच्याकडे बघत होते. दोन दिवसांपूर्वी घातलेलं पाणी गटागट प्यायलेली माती आज एक थेंब आत घ्यायला तयार नव्हती. त्यांनी कुंडी कलती करून बुडाची भोकं पाहिली. तीही कोरडी.

"अगं, पी ना," ते मातीला म्हणाले.

अशा पाच कुंड्या, पाच झाडं, आणि झाडं गांजाची. सांगलीच्या भावाचा फोन आला की मनोहरराव "थोड्या औषधी वनस्पती लावल्यात" एवढंच सांगत आणि विषय हवामानावर नेत. खरं तर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. इलिनॉयमध्ये औषधाचं कार्ड असलेल्या पेशंटला घरात पाच झाडं लावता येतात. कार्ड नीलांबरीचं होतं आणि तळघराच्या दाराला नियमाप्रमाणे कुलूप होतं. पण एकसष्टाव्या वर्षापर्यंत सुपारीसुद्धा न खाल्लेल्या बायकोसाठी आपण गांजा पिकवतोय, हे भावाला सांगायला जीभच उचलत नसे.

नीलांबरीला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. नोव्हेंबरात डॉक्टरांनी केमो थांबवली, आणि शेवटच्या दिवसांत सांभाळणाऱ्या हॉस्पिसची नर्स घरी येऊ लागली. मळमळ मात्र थांबली नाही. दुकानात मिळणाऱ्या गांजाच्या गोळ्यांनी तिला गरगरायचं. केमो चालू असतानाच तिथं ओळख झालेल्या एका बाईंनी या जातीच्या बिया दिल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांचं पहिलं पीक आलं, मनोहररावांनी ती फुलं तुपात मुरवली, आणि चमचाभर तूप मऊ भातावर घातल्यावर तिनं चक्क चार घास खाल्ले होते. त्या दिवशी ते मोरीत जाऊन रडले होते. आता बरणीच्या तळाशी जेमतेम आठवड्याचं तूप उरलं होतं, आणि ही झाडं काढणीला यायला दोन आठवडे होते. झाडं गेली तर नीलांबरीच्या पोटात अन्न जायचा रस्ताच बंद, एवढा सरळ हिशेब होता.

गेल्या आठवड्यात पानांची टोकं करपायला लागली. मनोहररावांनी कुंडीखाली निथळलेलं पाणी मीटरनं मोजलं. क्षार भरमसाट. खतं जरा जास्तच झाली होती, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. इंटरनेटवर पाहावं तर तिथं महायुद्ध चाललेलं. अर्धे म्हणत, कुंडीच्या तिप्पट पाणी ओतून माती फ्लश करा. उरलेले अर्धे म्हणत, फ्लश ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, झाडं बुडवाल. मनोहररावांना हसूच आलं. ही पोरं त्यांना माती शिकवणार! अमेरिकेत येण्याआधी एकवीस वर्षं ते सरकारी माती परीक्षणाच्या लॅबमध्ये होते. उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली रानं त्यांनी तपासली होती. पाणी भरा, निचरा काढा, क्षार धुऊन जातील, हे त्यांनी हजार जणांना तरी सांगितलं असेल.

तेव्हा त्यांनी फ्लश केलं. पानं मान टाकायला लागली, तसं दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं.

आज त्यांनी उभ्या पाण्यात बोट घातलं आणि खालची माती चिमटीत धरली. ती बुळबुळीत लागली, ओल्या साबणासारखी. त्यांचा हात तिथंच थांबला. ही माती त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. तिला चोपण म्हणतात. सोडियम चढलेली माती. वाळली की दगड, भिजली की चिकट लगदा, आणि पाणी ना आत घेते ना खाली सोडते.

सोडियम आला कुठून?

मान वर केली तर समोरच उत्तर उभं होतं. गाव शिकागोपासून तासाभरावर, पाणी बोअरचं आणि जड. ते मऊ करायचं यंत्र तळघराच्या कोपऱ्यात होतं, आणि त्यात दर महिन्याला मिठाची गोणी स्वतः मनोहररावच रिकामी करत होते. बागेतला नळ या यंत्रातून येत नाही, पण थंडीत पाइप फुटू नये म्हणून तो ऑक्टोबरातच बंद केलेला. म्हणून त्यांनी तळघरातला नळ वापरला. त्यात बाजारातल्या पोत्यांतल्या हलक्या भुशाला माती म्हणायला ते तयार नव्हते. परसातली काळीभोर, चिकण माती त्यांनी हौसेनं कालवली होती. भुसा असता तर कदाचित निभावलं असतं. लॅबमध्ये आलेल्या प्रत्येकाला ते पहिलं वाक्य ऐकवत, 'आधी पाणी तपासून आणा.' लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

त्यांनी जॉर्जियात, अल्फारेटाला राहणाऱ्या मुलीला फोन लावला.

"अंतरा, घोटाळा झाला गं. सॉफ्टनरचं पाणी घातलं मी. सगळी माती चोपण झाली."

"बाबा, मला काही कळत नाहीये. आई कशी आहे?"

"झोपलीये. जिप्सम पाहिजे मला, आत्ता. सगळ्या नर्सऱ्या मार्चपर्यंत बंद."

"ऑनलाइन ऑर्डर कर ना. टू डेजमध्ये येईल."

"दोन दिवसांत मुळं कुजतील!"

"बाबा, हॉस्पिसची नर्स काय म्हणाली तुला? शी सेड डोन्ट पुश फूड. ऐकलंस ना तू?"

"तिला काय जातंय बोलायला," मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चोपणाला औषध एकच, जिप्सम. तळघराच्या भिंतीकडे पाहता पाहता त्यांना आठवलं की या देशात घरांच्या भिंतीच जिप्समच्या असतात. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, यांना आख्खी भिंत सापडली. त्यांनी हातोडा आणला. पहिला घाव घालताना जरा चोरट्यासारखं वाटलं, नंतर काही वाटेनासं झालं. पांढरी ढेकळं खाली पडत होती. वरचा कागद सोलून ते ती वरवंट्यानं कुटत होते. गोडं पाणी हवं, तर ते अंगणात पडलंच होतं. रस्त्याकडेचा बर्फ नको, त्यावर मीठ मारतात, म्हणून ते मागच्या अंगणातला बर्फ पातेल्यात भरून आणत होते आणि गॅसवर वितळवत होते. पातेलंभर बर्फाचं तांब्याभर पाणी व्हायचं. पाच कुंड्यांना असे शंभर तांबे लागले असते. तरी त्यांचे खालीवर हेलपाटे चालूच होते.

बाराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. नीलांबरी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. दोन महिन्यांत ती तळघरात आली नव्हती.

"अहो, हे काय चालवलंय? घर पाडताय की काय?"

"तू कशाला आलीस? पडशील!"

ती खालच्या पायरीवर टेकली. भिंतीत दाराएवढं भगदाड होतं आणि नवऱ्याच्या भुवयांपर्यंत पांढरी धूळ. तिला हसू आलं, पण हसायला दम पुरला नाही.

"झाडं गेली, नीला," मनोहरराव म्हणाले. "मी मारली. मिठाचं पाणी घातलं मी त्यांना. मी! एवढी वर्षं माती चिवडली आणि घरचं पाणी तपासलं नाही. आता दोन तरी वाचवतो. बरणी आठवडाभर पुरेल, तोवर…"

"तूप लागू पडत नाही आता."

"काय?"

"संक्रांतीच्या आधीपासूनच. तुमच्यासमोर चार घास खाते, मग बाथरूममध्ये जाते. तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून आधी नळ सोडते. मग फ्लश."

मनोहररावांनी वरवंटा खाली ठेवला.

"सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? घास मोजत बसायचात. चौथा घेतला की तुमचा चेहरा असा उजळायचा."

"मग डोस वाढवू. दुसरी जात बघू. मी त्या बाईंना विचारतो, त्यांच्याकडे…"

"अहो." तिनं हातानं त्यांना थांबवलं. "असल्या रानाची माती घेऊन कोणी लॅबमध्ये आलं की काय सांगायचात तुम्ही?"

"जिप्सम टाका म्हणायचो."

"आणि ज्याचं पार गेलेलं असायचं?"

मनोहरराव कुंडीकडे बघत म्हणाले, "पाणी बंद करा म्हणायचो. उगाच ओतत राहू नका."

"मग?"

त्यांना त्या क्षणी तिचा भयंकर राग आला. आपल्याला एकट्याला टाकून जायला ही इतक्या शांतपणे कशी तयार झाली? मग ते तिच्या पायाशी बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. ती स्वेटरच्या बाहीनं त्यांच्या भुवयांवरची धूळ पुसत राहिली. धूळ निघत नव्हती, नुसती पसरत होती.

"सकाळपासून काही खाल्लंत का?" तिनं विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"काल तरी?"

काल काय खाल्लं ते त्यांना आठवेना.

"जा. भात आहे वर. ताट घेऊन इथंच या. मला आत्ता एवढ्या पायऱ्या चढवणार नाहीत."

ते वर गेले. हात धुतले. गॅसवर बर्फाचं पातेलं होतं, त्याखालची आच बंद केली. भात, कालचं वरण, लिंबाची फोड वाढून घेतली आणि ताट घेऊन ते खाली आले. ती भिंतीला टेकून वाट बघत होती. मनोहरराव तिच्या शेजारी पायरीवर बसले, भात कालवला, आणि पहिला घास सवयीनं तिच्याकडे वळला. तो त्यांनी मध्येच थांबवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. नीलांबरी त्यांना जेवताना बघत होती.