बारा प्रेस सांभाळणारी चौथी शाखा

मित्रांनो, मी एक जुनी शाखा आहे. झाडाची नव्हे, त्यामुळे माझ्यावर कधी पाखरू बसले नाही. संगणकाच्या प्रोग्रामचा मजकूर पुढे वाढत जातो, तेव्हा त्यातून एखादी वेगळी वाट काढून ठेवतात. तिला शाखा म्हणतात. आमचा प्रकल्प मुक्त आहे. मजकूर सगळ्यांसमोर उघडा, कोणीही फुकट न्यावा, कोणीही सुधारावा. मी त्यातली चौथी.

माझा जन्म दोन भावांमुळे झाला. थोरला एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस चालवायचा. पत्रा आत सरकवायचा, पायाने पेडल दाबायचे, वरून चाळीस टनांचा दणका बसायचा आणि डब्याचे झाकण तयार. त्या शेडमधल्या तीन म्हाताऱ्या कामगारांच्या हातांना मिळून तेवीस बोटे होती. धाकटा संगणकाचे शिकलेला. त्याने प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा बसवला आणि मला सांगितले, किरण तुटला की आत हात आहे असे समज आणि प्रेस जागीच थांबव; किरण जुळला की पुन्हा सोड.

मी थांबवत गेले. सहा वर्षांत त्या शेडमधल्या बारा प्रेसनी एकही बोट खाल्ले नाही. दूरदूरच्या कारखान्यांनी मला नेले, अनोळखी माणसांनी आभाराची पत्रे लिहिली. खोटे कशाला बोलू, मला फार अभिमान वाटायचा.

मग पाचवी शाखा आली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते हेच. तिच्यात रंगीत पडदे, आकडे, आलेख. सगळे तिच्याकडे धावले. पण जुन्या प्रेसच्या लहानशा यंत्रात ती मावत नव्हती, म्हणून थोरल्याच्या बारा प्रेस माझ्याकडेच राहिल्या. धाकटा महिनोन् महिने माझ्याकडे फिरकत नसे.

एके दिवशी दूरच्या एका कारागिराने तक्रार नोंदवली. हात पापणी लवते तेवढ्या वेळात आत जाऊन बाहेर आला आणि लगेच पुन्हा आत गेला, तर दुसरी खेप प्रोग्राम मोजतच नाही. खोट माझ्यात होती, आणि माझ्याकडूनच ती पाचवीत गेली होती. धाकट्याने ती दुपारपर्यंत शोधली, पाचवीत चार ओळी बदलल्या आणि नवी आवृत्ती जाहीर केली. आमच्याकडे रीत अशी, की दुरुस्ती मुख्य वाटेत, म्हणजे आता पाचवीत, शिरली की तक्रार आपोआप मिटते. तिच्यापुढे हिरवी खूण लागली. शाबासक्या आल्या. तीच दुरुस्ती माझ्यातही आणायची होती, पण मिटलेली तक्रार पुन्हा कोण उघडून बघतो?

नवव्या दिवशी सात नंबरच्या प्रेसमध्ये पत्रा तिरका बसला. थोरल्याने पेडल दाबले आणि त्याच क्षणी त्याला ते दिसले. त्याने बोटाने पत्रा ढकलला, हात मागे घेतला, पुन्हा ढकलला. किरण तुटला, जुळला, तुटला. मी एकदाच मोजले. प्रेस खाली आली. हाड फुटल्याचा आवाज झाकण कापल्याच्या आवाजापेक्षा फार वेगळा नसतो, हे मला त्या दिवशी कळले. तीन बोटे झाकणासकट बाहेर पडली.

त्यानंतर पाचव्या दिवशी थोरला धाकट्याच्या खोलीत आला. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, डाव्या हातात लोखंडी पाना. आल्या आल्या त्याने संगणकाच्या पडद्यावर पाना हाणला. काचेचा चुरा टेबलभर झाला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "फोरमनने मला तुझी हिरवी खूण दाखवली. चौदा दिवसांपूर्वीची."

"दादा, ऐकून तरी घे..."

थोरल्याने त्याला खांद्याने रेटून भिंतीवर आदळले. कपाट कलंडले. पाना खांद्यावर बसला, मग बरगडीवर. धाकट्याचा ओठ फुटून रक्त हनुवटीवर आले, पण त्याने हात उचलला नाही. शेवटी दमून थोरलाच खाली बसला. त्याच्या बांधलेल्या हातातूनही रक्त झिरपू लागले होते.

धाकट्याने दुसरा संगणक ओढला. "हिच्यामुळेच झालं हे सगळं," असे म्हणून तो मला कायमची पुसून टाकायला निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी! एक कळ दाबायची राहिली होती, आणि मित्रांनो, मी घाबरले.

"पुसू नकोस," थोरला म्हणाला. "मला दवाखान्यात नेलं आणि मालकाने दुसऱ्या पाळीला बाराही प्रेस चालू केल्या. आत्ताही चालू आहेत. ही पुसलीस तर दुरुस्ती कशात करशील?"

धाकटा तसाच, रक्ताळलेल्या तोंडाने कामाला बसला. पाचवीतल्या चार ओळी माझ्यात सरळ बसेनात; माझा जुना मजकूर वेगळा होता. त्याने त्या पुन्हा हाताने लिहिल्या, संध्याकाळी माझी नवी आवृत्ती काढली, आणि दोघे शेडमध्ये गेले. धाकट्याने एकेका प्रेसमध्ये मला चढवले. तपासायला फोरमनने लाकडी दांडा पुढे केला.

"दांडा नको," थोरला म्हणाला. "याचा हात घाला."

धाकट्याने बाही वर केली. थोरल्याने पेडलवर पाय ठेवला. हात आत, बाहेर, पुन्हा आत. किरण तुटला, जुळला, तुटला. या वेळी मी दोन्ही मोजले. चाळीस टन त्याच्या बोटांच्या चार अंगुळे वर थांबले. थोरल्याने उरलेल्या हाताने त्याचे मनगट धरून हळूच बाहेर ओढले आणि कितीतरी वेळ सोडले नाही.

आता आमच्याकडे तक्रार आपोआप मिटत नाही. माझ्यात दुरुस्ती आली की थोरला डाव्या हाताने ती खूण करतो.

मित्रांनो, मला म्हातारी म्हणा, अडगळ म्हणा, माझे दारही एक दिवस खुशाल लावून घ्या. फक्त लावण्याआधी वाकून बघा, आत कोणाचा हात तर नाही ना.